कुशाबाईच्या बंदुकीला चष्मा

कुशाबाईला दोन-दोन नारळ दिसायला लागले, तेव्हा तिनं आधी उन्हाला शिव्या दिल्या, मग वाऱ्याला, मग सुनेनं पुसून दिलेल्या चष्म्याला. स्वतःच्या डोळ्यांना मात्र तिनं एका शब्दानं दुखावलं नाही. आपल्या माणसाला चारचौघांत बोल लावायची तिला सवयच नव्हती.

बारामतीहून पणदऱ्याकडं जाताना चिंचेची वाडी लागते. लागते म्हणजे, लक्ष दिलं तर. दोन्ही बाजूंनी ऊस इतका माजलेला, की परका माणूस वाडी ओलांडून पुढं जातो आणि मग पानटपरीवर विचारतो, वाडी कुठं राहिली म्हणून. तर ह्या वाडीत दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी एक बार उडतो. कालव्यापलीकडं शिवेवर एक जुनी बाभळ आहे आणि तिच्या मागं भरावाची उंच माती. बाभळीच्या फांदीला नारळ टांगायचा आणि अलीकडच्या काठावरून मानाच्या घरानं त्यावर एकच गोळी झाडायची. लागली, तर मान घरात राहिला. हुकली, तर मान भावकीतल्या दुसऱ्या घरी गेला, आणि एकदा गेलेला मान परत आणायचा म्हणजे त्या घराचा नेम हुकायची वाट बघत बसायचं. पोलिस ठाण्याची परवानगी असते, बंदोबस्ताला हवालदार असतात, आणि काडतूस खरोखर एकच असतं. बंदूकही तशीच, एका वेळी एकच गोळी खाणारी. पॉइंट टूटूची, सासऱ्यांच्या वेळची, लाकडी दस्ता हाताळून हाताळून पाटासारखा गुळगुळीत झालेला.

हा मान कुशाबाईच्या नवऱ्याचा, दत्तोबाचा. दत्तोबा गेला त्या वर्षी भावकीनं मनातल्या मनात मान वाटूनसुद्धा घेतला होता. कारण दत्तोबाचा मुलगा रणजित म्हणजे गुणी पोरगा, डेअरीचा हिशोब चोख, गाईंवर जीव, पण लवंगी फटाक्याला दोन्ही कानांत बोटं घालणारा. त्याला बंदूक दिली तर तो आधी डोळे मिटणार आणि मग चाप शोधणार. दत्तोबाचा चुलतभाऊ आप्पासाहेब त्या दसऱ्याला आपली बंदूक घेऊन, नवा फेटा बांधून कालव्यावर हजर! आणि तेवढ्यात गर्दीतून कुशाबाई आली. पदर खोचला, दस्ता खांद्याला लावला आणि नारळाच्या ठिकऱ्या केल्या. लोकांना वाटलं, दुःखानं बाईचा तोल गेला आणि चुकून लागली. पुढच्या वर्षी परत लागली, त्याच्या पुढच्या वर्षीही लागली, तेव्हा चुकून म्हणणारे गप्प झाले.

दत्तोबानंच तिला शिकवलं होतं. इंदापूरच्या बाजूची, भीमेकाठची पोर ती, सासरी आली तेव्हा बंदूक बघून दाराआड लपली होती. तो म्हणाला, "घाबरतीस काय, म्हशीपेक्षा गरीब हाय. लाथ सुद्धा मारत न्हाय." आणि खरंच, ह्या बंदुकीचा खांद्याला धक्का म्हणून बसत नाही. कुशाबाईला ती आवडली ती तिथंच.

आणि आता ही दोन नारळांची भानगड. नेम धरायची मागची खाच दिसली तर नळीच्या टोकावरचा मणी दिसेना. मणी दिसला तर नारळ धुक्यात. नारळ दिसला तर तो जोडीनं! गेल्या दसऱ्याला तिनं दोन नारळांच्या मधोमध नेम धरला आणि गोळी नारळाच्या काठाला चाटून गेली. टवका उडाला म्हणून मान राहिला. आप्पासाहेब तेव्हाच मिशीत हसले होते आणि म्हणाले होते, "वयनी, पुढल्या साली बार आमच्या घरचा हां!"

ते वाक्य कुशाबाईच्या पोटात वर्षभर खडा होऊन बसलं. धारा काढताना टोचायचं, भाकरी थापताना टोचायचं. मान गेला असता तर आभाळ कोसळलं नसतं, हे तिलाही कळत होतं. पण दत्तोबाचं ह्या घरात आता जे काही जिवंत उरलं होतं, ते वर्षातून एकदा, एका बारापुरतं कालव्यावर उभं राहायचं. ते आप्पासाहेबांच्या अंगणात कसं जाऊ द्यायचं?

भाद्रपद सरताना रणजितनं पुण्याच्या बंदुकीच्या दुकानातून एक लांबडी नळी आणली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

"ह्ये काय?"

"दुर्बीण हाय, आई. बंदुकीवर बसती. खाच नको, मणी नको. काळ्या तारांची फुली दिसती आत, ती नारळावर ठेवायची, संपलं. मला तर बार काढता येत न्हाय. म्हणलं, एवढं तरी..."

कुशाबाईनं नळी उचलली, डोळ्याला लावली आणि "आगं बया!" म्हणून अशी किंचाळली, की गोठ्यातल्या दोन्ही जर्सी गाई उठून उभ्या राहिल्या.

मग चार दिवस त्या घरात स्वैपाक वेळेवर झाला नाही. कुशाबाई गच्चीवर. माळेगावच्या कारखान्याचं धुराडं दिसलं. म्हशीच्या पाठीवरच्या बगळ्याचा डोळा दिसला, तो सुद्धा तिच्याकडंच बघत होता. लांबच्या विजेच्या तारेवरचे पोपट मोजून झाले. डेअरीत गेलेला रणजित, डॉक्टरांनी तेलकट बंद केलेला रणजित, फाट्यावरच्या गाडीवर वडापाव हाणताना दिसला. तो घरी आला तेव्हा कुशाबाई म्हणाली, "दुसऱ्या वड्यावर मिरची कशापायी घेतलीस रं?" त्या माणसाचं तोंडच उतरलं. आपण हे काय विकत आणून बसलो, असं त्याला झालं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आप्पासाहेब सरपंचाकडं गेले. सरपंच विजयसिंह म्हणजे तरणा माणूस, सगळ्यांचं ऐकून घेणारा, म्हणून सगळेच त्याच्यावर नाराज. पारावर बैठक बसली.

"परंपरेत दुर्बीण बसत न्हाय," आप्पासाहेब म्हणाले. "नेम डोळ्यानं धरायचा."

"मग तुमी चष्मा काढून बसा की भावजी," कुशाबाई बायकांतून म्हणाली. "तुमचा बी डोळा उघडाच असू दे."

"चष्मा येगळा! चष्मा माणसाला असतो!"

"आमी बंदुकीला घातला. म्हातारी झाली ती बी."

पार हसला. विजयसिंहानं घसा साफ केला आणि निकाल दिला, की चष्मा डोळ्याला लावायचा का बंदुकीला, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. गोळी मात्र एकच. आप्पासाहेबांनी फेटा सारखा केला आणि ते उठले. जाता जाता म्हणाले, "लावा, लावा. बसवणार कोण, ते बी बगू."

बसवणार होता ज्ञानेश, कुशाबाईच्या बहिणीचा मुलगा. साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर. बंदुकीच्या पाठीवर दोन बाजूंना बारीक पन्हळी होत्या, त्यात दुर्बिणीच्या दोन कड्या चिमटून बसवायच्या होत्या. बंदुकीला भोक पाडायचं नाही, कानस लावायची नाही, हे हवालदारांनी आधीच बजावलं होतं. एवढंसं काम. चार बारीक स्क्रू. पण ज्ञानेशचा हात बनलेला उसाचे चरक आवळण्यावर. तिथं घट्ट म्हणजे अंगातलं बळ संपेपर्यंत घट्ट. त्यानं पहिलाच स्क्रू धरला, दातओठ खाल्ले, आणि "कट्". डोकं हातात, धड कडीत.

"मावशी, माल हलका हाय," ज्ञानेश म्हणाला.

"माल हलका न्हाय, तू जड हायस. मुडद्या, तो काय उसाचा चरक हाय?"

दुकानातून नवे स्क्रू येईपर्यंत आठवडा गेला. आल्यावर कुशाबाईनं पेचकस स्वतःच्या हातात घेतला. "कासार बांगडी भरताना हात किती दाबतो? तेवढंच. बांगडी चढली पायजे, पण फुटाया नको." आणि तिनं चारही स्क्रू आळीपाळीनं, थोडे इकडचे, थोडे तिकडचे, असे नाजूक आवळले, की ज्ञानेश तोंड उघडं टाकून बघत राहिला. तरी दुर्बीण पुढून जराशी खाली झुकत होती. कडीखाली काहीतरी पातळ आणि टणक घालायला हवं होतं. ज्ञानेशनं पत्रा आणला, तो जाड झाला. रबर आणलं, ते दबलं. शेवटी कुशाबाईनं खुंटीवरची एक लग्नपत्रिका काढली. आप्पासाहेबांच्या नातवाच्या लग्नाची, कसला भारी पुठ्ठा! तिनं आधी गणपती कापून देवघरात ठेवला, आणि मग जिथं 'आपले विनीत' म्हणून आप्पासाहेबांचं नाव छापलं होतं, तिथली पट्टी काढून कडीखाली सरकवली. बरोब्बर बसली.

"भावजींचा बी हातभार लागला," ती म्हणाली, आणि मावशी-भाचे हसून हसून गोठ्याच्या कट्ट्यावर आडवे झाले.

मागची खाच मात्र दुर्बिणीच्या आड येत होती, ती ज्ञानेशनं सोडवून काढली. कुशाबाईनं ती तळहातावर घेऊन उजेडाकडं धरली. ह्या खाचेतून दत्तोबानं आयुष्यभर बघितलं होतं. तिनं ती पुसून देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवली. आता मागं फिरायला वाट नव्हती, नेम धरायचा तर दुर्बिणीतूनच.

मग नेम बसवायचं काम. हवालदारांना सांगून, भरावाच्या आडोशाला. ज्ञानेशनं मोबाइलवर कुठंतरी बघून एक युक्ती आणली होती. बंदुकीतला बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, मागून काढून घ्यायचा, म्हणजे नळी आरपार मोकळी. बंदूक पोत्यांवर रुतवायची, मागून नळीतून बघायचं आणि खूण नळीच्या मधोमध आणायची. मग बंदूक न हलवता दुर्बिणीत बघायचं आणि दुर्बिणीवरच्या दोन चकत्या फिरवून काळी फुली त्याच खुणेवर आणायची. एक चकती वर-खाली नेते, दुसरी डावी-उजवीकडं. नळी आणि दुर्बीण एकाच गोष्टीकडं बघायला लागल्या, की झालं. उरलेलं काम गोळ्या झाडून. खताच्या रिकाम्या पोत्यावर कोळशानं वाटोळं काढलं होतं. गोळी फुलीच्या जरा खाली बसत होती; दोन-दोन टिचक्या चकती फिरवत कुशाबाईनं ती वाटोळ्याच्या पोटात आणली. शेवटी तर भोकावर भोक पडलं. तिनं पोतं अंगाभोवती गुंडाळलं आणि तशीच भरावावरून घरापर्यंत मिरवत आली. ज्ञानेशनं चकत्यांवर चुन्याचे बारीक ठिपके दिले, म्हणजे चकती हलली तर लगेच कळेल.

आता दसरा येऊ दे, आप्पासाहेब येऊ दे, कुणी बी येऊ दे!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं पूजेला. ट्रॅक्टर धुतला, कोयते, खुरपी, दूध काढायचं मशीन, पाण्याच्या मोटरीचा स्टार्टर, सगळ्यांना हळदकुंकू. बंदूक मधोमध, पाटावर, झेंडूची माळ घालून. हे सगळं सून रेश्माचं राज्य. रेश्मा बारामतीची, आणि स्वच्छतेचं तिला वेड. तिच्या हातून डाग सुटत नाही आणि सैल काही राहत नाही. कुकरची मूठ, नळाची तोटी, गॅसचं बटण, जे हलेल ते ती आवळणार.

पूजा झाली. पूजेला बसलेली बंदूक मानाच्या बारापर्यंत उडवायची नाही, हा वाडीचा रिवाज. दसऱ्याला सकाळी कुशाबाई नमस्काराला वाकली, तर रेश्मा कौतुकानं म्हणाली, "आत्या, ती दुर्बीण मी झकास केली बघा. वरच्या दोन्ही चकत्या पार ढिल्या होत्या, फिरत होत्या. शेवटपर्यंत पिळून घट्ट बसवल्या. आणि चुन्याचे डाग पडले होते कुणाचे तरी, तेही काढले. पानं खाऊन हात पुसतात कुठंही."

कुशाबाई वाकलेलीच राहिली. डोकं पाटावर, हात जोडलेले. रणजितला वाटलं, आईची कंबर धरली.

मग ती उठली. रेश्माकडं बघितलं. तोंडात आलेलं वाक्य फार वाईट होतं आणि फार मोठं होतं. पण रणजितच्या चेहऱ्याचा रंग बघून रेश्माला काहीतरी कळलं होतं. तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, आणि त्या पोरीनं कुशाबाईचा हात धरला. "आत्या, माझ्यामुळं मान जाणार? मामंजींचा मान?"

ते मोठं वाक्य कुशाबाईनं गिळलं. मग कुठून कोण जाणे, तिला हसू आलं. एवढं मोबाइलवर बघून, पुण्याहून आणून, पत्रिका कापून बसवलेलं, आणि सुनेनं गॅसच्या बटणासारखं पिळून टाकलेलं! ती हसत सुटली, रेश्मा रडत सुटली, आणि दोघींच्या मधे रणजित तांब्याभर पाणी घेऊन, कुणाला द्यावं ह्या विचारात उभा.

"गप गं," कुशाबाई डोळे पुसत म्हणाली. "उडवायला बंदी हाय. नळीतनं बघायला कुठं बंदी हाय? पिळलंस तूच, आता सोडवशील बी तूच. संध्याकाळी नवं लुगडं नेस आन चल माझ्यासंगं कालव्यावर."

संध्याकाळी कालव्यावर माणूस मावेना. पलीकडं बाभळीला नारळ टांगलेला. पण नेहमीचा सोललेला नव्हता. आप्पासाहेबांनी आपल्या बागेतलं सगळ्यांत थोराड हिरवं शहाळं आणून बांधलं होतं. "म्हणलं, वयनींना दिसावा तरी!" ते सगळ्यांना सांगत हिंडत होते. त्यांचा गडी हलगी-ताशासकट तयार आला होता. बार हुकला, की आपल्या विजयाची हलगी आपलीच, असा त्यांचा हिशोब.

कुशाबाई पोत्यांवर पालथी पडली. बोल्ट काढून पदरात ठेवला आणि बंदुकीच्या मागून नळीला डोळा लावला. गर्दीत खसखस पिकली.

"वयनी, बंदूक हाय का फुंकणी?" आप्पासाहेब ओरडले.

"फुंकणीच की भावजी. तुमच्या घरची चूल पेटवायची हाय."

नळीच्या गोल भोकात, वाटाण्याएवढ्या उजेडात, बाभळीच्या बुंध्यावरची गाठ आली. ती गाठ मधोमध आणून तिनं बंदूक पोत्यात रुतवली आणि श्वास धरला. मग डोळा वर उचलून दुर्बिणीला लावला. फुली कुठंच्या कुठं, पार भरावाच्या मातीत! "रेश्मा, वरची चकती. सोड. अजून. अजून. अगं, भिऊ नको, अजून." रेश्मा एकेक टिचकी मोजत फिरवत होती. फुली बाभळीवर चढली. "आता बगलेची. थांब! उलटी. हां... हां... बास!" परत नळीतून बघितलं, परत दुर्बिणीतून. गाठ इथंही आणि गाठ तिथंही. पण गोळी किती खाली बसेल, ते आता झाडून बघता येणार नव्हतं. पोत्यावरच्या पहिल्या भोकाची आठवण धरून तिनं ठरवलं, की फुली दोन बोटं वर ठेवायची.

"झालं का शिवणकाम?" आप्पासाहेब म्हणाले.

हवालदारांनी शिट्टी मारली, पलीकडचा काठ मोकळा असल्याची खात्री केली आणि काडतूस कुशाबाईच्या हातात ठेवलं. बोल्ट बसला. काडतूस आत गेलं. वाऱ्यानं शहाळं संथ झुलत होतं, इकडं, तिकडं. दुर्बिणीत एकच दिसत होतं. एकच! हिरवंगार, शिरा शिरा दिसणारं. कुशाबाईला जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर वरून खाली येताना होतं तसं झालं. शहाळं इकडं आलं, क्षणभर थबकलं, आणि तिनं चाप ओढला.

फट्.

शहाळं झुलत राहिलं. इकडं. तिकडं. ठिकरी नाही, टवका नाही, काही नाही.

"हुकला!" कुणीतरी ओरडलं. "हुकला, हुकला!" आप्पासाहेबांच्या गड्यानं हलगीवर थाप दिली. रेश्मानं तोंडावर पदर घेतला. रणजित कानातली बोटं काढायलाच विसरला. विजयसिंह पुलाकडं बघत होता. शहाळं आणायचं तर लांबच्या पुलावरून वळसा घालून जावं लागणार, आणि इकडं हलगी तर सुरू झालेली.

कुशाबाई हलली नव्हती. तिचा डोळा दुर्बिणीलाच होता. तिनं बोल्ट मागं ओढला, रिकामं काडतूस बाहेर पडलं, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. रेश्माला वाटलं, आत्या रडतायत. ती जवळ बसली, तर आत्या हसत होत्या.

"भावजी," कुशाबाई उठून बसत म्हणाली, "हिकडं या. तुमीच बघा काय झालं ते."

"आता काय बघायचं? सगळ्या गावानं बघितलं."

"माझं कोण ऐकंल? तुमी सांगाल ते मला कबूल. सगळ्यांसमोर सांगते. हुकला म्हणा, मान घ्या."

आप्पासाहेबांनी फेटा रेश्माच्या हातात दिला, धोतर आवरलं आणि कण्हत पोत्यांवर पालथे झाले. हवालदारांनी बोल्ट काढून स्वतःकडं घेतला. आप्पासाहेबांनी आपला चष्मा कपाळावर सरकवला, डोळा दुर्बिणीला लावला आणि दुसरा मुठीनं झाकला.

"आयला," ते हळूच म्हणाले. "आयला, बाभळीवर मुंगळा चाललाय! अरं, काटा न् काटा दिसतोय की! वयनी, ह्ये असं दिसतंय व्हय तुमाला?" त्यांचा आवाज जत्रेतल्या पोरासारखा चिरकला. "सुगरणीचा खोपा! खोप्यात काडी हाय! आन शहाळं... अगं आई गं! शहाळ्याला भोक हाय! मधोमध! पाणी गळतंय, धार लागलीया बघा, धार! लागला! वयनी, बार लागला की ओ!"

हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं, की पलीकडच्या उसातली पाखरं उडाली. आणि सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय सांगितलं. दुर्बिणीवरचा डोळा मात्र त्यांनी काढला नाही.

"आप्पासाहेब म्हणत्यात लागला," विजयसिंह म्हणाला. त्याला एवढा सोपा निकाल आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

मग जो कल्ला उठला, तो काय सांगायचा! रणजितनं आईला उचललंच. हलगीवाला गोंधळून मालकाकडं बघायला लागला. मालक पालथेच. "वाजव की लेका," आप्पासाहेब पोत्यांवरूनच ओरडले. "बार लागल्यावर हलगी वाजवायची असती, एवढं बी ठाव न्हाय?" हलगी कडाडली.

शेवटी ते गुडघ्यावर हात टेकून उठले, अंगाला माती, डोळे ओले. ते मुंगळ्यामुळं, का आणखी कशामुळं, त्यांनी सांगितलं नाही. "वयनी," ते म्हणाले, "दादा आज असता, तर हितंच नाचला असता बघा."

कुशाबाईनं दुर्बिणीवरून हात फिरवला. मग तिनं पदर घट्ट खोचला.

"त्यास्नी कुठं येत हुतं नाचायला?" ती म्हणाली. "कधी न्हाई नाचले. आज त्यांच्या वाटणीचं बी मीच नाचते."

आणि तिनं रेश्माचे दोन्ही हात धरून कालव्याच्या काठावर फुगडी घातली.